पांढरं तेवढं चुना न्हवं

सर्जेरावाच्या विहिरीला पाण्याच्या आधी हिरे लागले.

निदान टेकवस्तीनं तरी तसंच धरलं होतं. तीस फुटांवर सुरुंग उडाला आणि काळ्या खडकात एक पोकळी उघडी पडली, माणूस आत उकिडवा बसेल एवढी. आत सगळं पांढरं. वरून उन्हाची तिरीप पडली तशी ती पोकळी अशी लखलखली, की खाली उतरलेल्या सिद्धू गड्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि बोंब ठोकली, "तात्या, लक्षुमी लागली वो!"

मग काय विचारता! पार लासुर्ण्यापासून माणसं बघायला लोटली. बायका विहिरीच्या काठावर हळदकुंकू वाहून गेल्या. सर्जेरावाच्या मिशा चार दिवस खाली आल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यानं ठेवणीतला पटका बांधला, दोन खडे फडक्यात गुंडाळून कोपरीच्या खिशात घातले आणि बारामतीच्या एका सराफाकडे गेला. सराफानं खडा उजेडाला धरला, कानशीनं जरासा खरवडला आणि पुन्हा फडक्यात बांधून दिला. "देव्हाऱ्यात ठेवा तात्या," तो म्हणाला, "शोभा येईल."

सर्जेराव गप्प परतला. पण गप्प बसेल तर तो सर्जेराव कसला! विहिरीच्या कडेला वीस गाड्या भरतील एवढा पांढरा दगड पडला होता आणि गाव गालातल्या गालात हसत होतं. त्या साली टेकवस्तीत शाळेचं काम निघालं होतं. श्रमदानाचे दिवस, कुणी दगड देई, कुणी गाडी-बैल देई, कुणी नुसते हात. पावसाच्या आत भिंती उभ्या करून वर पत्रे चढवायचे होते. सर्जेराव चावडीत उठला आणि म्हणाला, "शाळंला लागंल तेवढा चुन्याचा दगड माझा. फुकट. फकस्त दारावर नावाची फरशी बसवा."

हिरा नाही तर नाही, चुना तरी. पांढरा दगड म्हणजे चुन्याचा दगड, एवढी अक्कल कुणालाही असते. वस्तीत ती फक्त एका बाईला नव्हती.

सारजा ही महिपती लोणाऱ्याची सून. माहेर कन्हेरीचं, तिथं भाजीपाल्याचं रान; पण सासरी आली ती चुन्याच्या भट्टीत. गाव आणि कालवा यांच्या मधल्या गायरानावर महिपतीच्या बापानं ती भट्टी रचली होती. ओढ्याच्या दरडीतून चुनखडीचे गोटे वेचायचे, माती झाडायची, लाकूड-कोळशाच्या थरावर दगडाचा थर द्यायचा, तीन दिवस भाजायचं. मग निघायची ती चुनकळी. तिच्यावर पाणी टाकलं की चुना. वाळू घालून तो बैलाच्या घाणीत मळला की भिंतीला तयार. आजूबाजूच्या दहा गावांत जी विहीर बांधलेली आहे तिच्यात महिपतीचा चुना आहे असं म्हटलं तर खोटं नव्हे. ह्याच कामात म्हाताऱ्याचे डोळे गेले. कळी भिजवताना एक ढेकूळ तोंडासमोर फुटलं, आणि एक डोळा त्याच दिवशी गेला, दुसरा सावकाश. मुलाला, सोपानला, दगडाची पारख काही केल्या आली नाही. ती आली सुनेला. डोळे गेल्यावर म्हाताऱ्यानं दगड हातात घेऊन, जिभेला लावून, कानाशी वाजवून तिला शिकवला होता. आता भट्टी खरी तिचीच होती.

त्या दिवशी सकाळी ती चुनखडीचे गोटे चाळणीवर घोळत होती. हातांना भेगा, भेगांत करडईचं तेल, तेलावर माती. तेवढ्यात कालव्याच्या रस्त्यानं चार गाड्या आल्या आणि पांढऱ्या दगडाचा ढीग धडाधडा भट्टीपाशी ओतला. मागून सर्जेराव आला, आणि त्याच्यासंगं शाळेच्या कामावरचा ओव्हरशेर. तरणा माणूस, अंगात खाकी शर्ट, काखेत वही, मनगटाला चामडी पट्ट्याचं घड्याळ.

"हे भाजायचं," सर्जेराव म्हणाला. "शाळंचं काम हाय. आठ दिसांत कळी पायजे."

सारजानं हात झाडले. ढिगातला एक दगड उचलला, हातावर तोलला, दुसऱ्या दगडावर हाणला. खणकन वाजला. नाकाशी धरून वास घेतला आणि खाली टाकला.

"ही गार हाय, तात्या."

"कसली गार?"

"चकमकीची गार. आग पाडायची. ही भाजून चुना व्हत न्हाय."

सर्जेराव हसला आणि साहेबाकडं बघू लागला. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे बघा बाई, मी स्वतः तपासलंय. दगडावर तेजाब टाकलं, चांगलं फसफसलं. चुनखडीची हीच खूण."

"कंच्या दगडावर टाकलं?"

"ह्याच. सर्जेरावांनी आणून दिला होता एक."

"त्यांनी दिला, एक," सारजा म्हणाली. "आन् ह्यो ढीग?"

"ढीग त्याच विहिरीतला ना?"

"सायेब, एका विहिरीतनं पानी बी निघतं आन् बेडूक बी निघतंय."

गाडीवानांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं पायानं सारजाचे गोटे ढकलले. मातकट, वेडेवाकडे, आल्याच्या कुड्यांसारखे. "आणि ही तुमची चुनखडी? ही घाण? शाळेच्या भिंतीला ही घालणार?"

सारजानं भट्टीच्या कडेला टेकवलेला कोयता घेतला. बाभळी तोडायचा तो, पाजळलेला. पांढऱ्या दगडावर टोक दाबून ओढलं. टोक सरकन घसरलं आणि मागं एक काळपट रेघ उठली.

"बगा. वरखाडा गेला," सर्जेराव म्हणाला.

"वरखाडा न्हाय त्यो. बोट फिरवा." तिनं थुंकी लावून अंगठ्यानं रेघ पुसली. दगड होता तसा गुळगुळीत निघाला. "रेघ कोयत्याची हाय. लोखंड झिजलं, दगड न्हाय झिजला. आता ह्यो बगा." तिनं तोच कोयता आपल्या मातकट गोट्यावर ओढला. खर्रकन खाच पडली आणि पांढरी भुकटी भुरभुरली.

साहेब क्षणभर त्या खाचेकडं बघत राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं. पण सर्जेराव मधे पडला. "लोनाऱ्याच्या सुनंनं आता सायबाला शिकवायचं, व्हय? बुकं शिकून आलेल्या मानसाला? सारजाबाई, भट्टी गायरानात हाय, ध्येनात ठिवा. गावाचं काम करायचं न्हाय तर गावाच्या जाग्यावर बसायचं बी न्हाय. आठ दिस. न्हायतर पंचायतीत कागद करून भट्टी उठवतो."

साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं. गाड्या धूळ उडवत गेल्या. सारजा त्या ढिगासमोर कोयता धरून उभी राहिली. घाबरली असती तर बरं, पण राग आला की ती कुणाच्या बापाची नव्हती.

सोपान दुपारी लाकडं घेऊन आला, त्याला सगळं कळलेलंच होतं. भाकरी पुढ्यात घेऊन तो म्हणाला, "भाजून द्यायचं आन् मोकळं व्हायचं. आपल्या बाचं काय जातंय? दगड त्यांचा, साळा गावची."

"आन् भिंत पडल्यावर?" सारजानं विचारलं.

"पडंल तवा पडंल."

"पडंल तवा कोन म्हनंल का, सर्जेतात्याचा दगड वाईट हुता? म्हनतील, लोनाऱ्यानं कच्चा भाजला. आन् भितीखाली कोन आसंल? आपलीच पोरं."

"तू लई शानी हायस," सोपान पुटपुटला. "गायरानातनं उठवलं म्हंजे कुठं जायाचं, त्ये सांग. बारामतीला जाऊन हमाली करू?"

कोपऱ्यात बसलेल्या महिपतीनं हात पुढं केला. "आन गं इकडं त्यो दगड."

सारजानं तीन दगड दिले. म्हाताऱ्यानं एकेक गालाला लावला, मग जिभेचं टोक लावलं. पहिला लगेच बाजूला केला. "ही गार. थंडगार लागती. जीभ घसरती हिच्यावरनं." दुसऱ्यावर त्यानं अंगठ्याचं नख फिरवलं, कड चाचपली. "ह्येला पापुद्रं हायती. भाजला का फुगतोय ह्यो. माज्या बानं एकदा घातला हुता भट्टीत, नुसता फुफाटा निगाला." तिसरा बराच वेळ त्याच्या हातात राहिला. त्यानं तो विळ्याच्या पाठीनं ठोकला. दगड तिरका फुटला. तुकडा पुन्हा फुटला, तोही तिरका. म्हातारा हसला. "आगं, ह्यो खरा हाय! ह्यो चुन्याचा. कुठंबी हाना, तिरक्या इटंवानी तुटनार. ह्योच दावला आसंल सायबाला."

"ढिगात किती आसतील आसं?"

"पाटीत चार निघतील. फार तर पाच."

सोपान म्हणाला, "मग सांगा जाऊन सायबाला."

"सांगितलं ना सकाळी," सारजा म्हणाली. "माजं त्वांड त्यांना दिसतं, दगड दिसत न्हाय. आता सांगायचं न्हाय. दावायचं. भट्टी भरते म्या. आर्दी त्यांच्या दगडाची, आर्दी आपल्या. एकच आग, एकच दिस. सगळ्या गावाम्होरं उघडायची. म्हंजे कळंल कुनाच्या दगडात काय हाय."

"आन् त्यांचा चुना झाला तर?"

"झाला तर भट्टी माज्या हातानं मोडीन."

सोपाननं हातातला घास खाली ठेवला. म्हाताऱ्यानं आपला पटका काढून पुन्हा नीट बांधला.

दुसऱ्या दिवशी सारजा सावळाराम गवंड्याकडं गेली. शाळेच्या भिंती तोच बांधणार होता. पोटापाण्याचा माणूस, साहेबाच्या विरुद्ध शब्द काढायचा नाही. पण भट्टीत मधोमध विटांची आडवी भिंत घालायला त्यानं नाही म्हटलं नाही. पैज कानावर गेली तशी सर्जेरावानंही मान डोलावली. "मला काय! पर माजा मानूस बसनार राखनीला. आग कमीजास्त केली तर बगा!" त्यानं सिद्धूला पाठवलं.

मग कामाला अंत राहिला नाही. सोपान आणि ती पाट्या भरत, चुंबळ डोक्यावर ठेवून फळीवरून चढत, आणि थर द्यायचा तो दोन्हीकडं सारखा. ह्या अंगाला पाच पाट्या बाभूळ, तर त्या अंगालाही पाच. ह्या अंगाला कोळसा वीतभर, तर त्या अंगालाही वीतभर. सिद्धूला ती मुद्दाम मोजायला लावी. "मोज रं सिद्धूदादा, मागनं कमीजास्त म्हनू नगंस." फाल्गुनाचं ऊन डोक्यावर, पांढऱ्या दगडाच्या धारा बोटांना कापत होत्या. गारेनं कापलेलं लवकर मिटत नाही. त्यात चुन्याची धूळ गेली की डोळ्यांत पाणी येतं. सोपाननं एकदा कळवळून पाटी टाकून दिली. ती टाकलेली पाटी सारजानं उचलली आणि आपल्या डोक्यावर घेतली. तो मग लाजून दुसरी भरू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली. तीन दिवस जाळ, तीन दिवस धूर. वारा कालव्याकडून आला की धूर उसात शिरे, फिरला की खोपटात. महिपती भट्टीच्या तोंडापासून दहा हातांवर बसून कान लावी. "उजव्या अंगाला लाकूड घाल, जाळ बसलाय," म्हणे, आणि खरंच बसलेला असे. उजवं अंग सर्जेरावाचं होतं. सिद्धू पहिल्या दिवशी डोळ्यांत तेल घालून बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी धुरानं त्याचे डोळे मिटायला लागले आणि तो लिंबाखाली आडवा झाला. सारजानं त्याला दोनदा हलवलं. तिसऱ्यांदा सोडून दिला.

गार तापली की फुटते. उजव्या अंगातून मधूनमधून फाडफाड आवाज येई. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून ऐकत. "तात्याचं हिरं फुटाय लागलं," फुलाबाई माळीण मोठ्यानं म्हणायची. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती रोज तिथनं जायची, आणि तिचं तोंड म्हणजे दुसरा सुरुंगच.

भट्टी निवायला दोन दिवस दिले. मग सगळी वस्ती जमली. शाळेच्या पायावर आलेली माणसं फावडी-घमेली घेऊन तशीच आली. साहेब आला, सर्जेराव आला. सावळाराम थापी कमरेला खोचून बाजूला उभा राहिला. सोपाननं भट्टीचं तोंड फोडलं.

डाव्या अंगातून सारजाची कळी निघाली. गोटे तेच, पण वजनाला हलके, आणि मातकट रंग जाऊन पांढुरके. सारजानं सहा ढेकळं घमेल्यात टाकली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. एक श्वास घ्यायला लागेल तेवढा वेळ काही झालं नाही. मग आतून चर्रर्र झालं, वाफ उठली, ढेकळं तडकली, फुगली, उकळायला लागली, आणि बघता बघता घमेलं पांढऱ्या मऊ लोण्यानं भरलं. पुढं आलेली पोरं मागं पळाली. सावळारामानं बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळून पाहिलं.

"कसा हाय?" सर्जेरावानं विचारलं.

"चुना हाय," सावळाराम म्हणाला. त्याहून जास्त बोलायचं त्यानं टाळलं.

आता उजवं अंग. दगड निघाले ते पहिल्यापेक्षा पांढरे. काही भेगाळलेले, काही फुगून फोपसे झालेले. सारजानं तसेच सहा घमेल्यात टाकले आणि तेवढंच पाणी ओतलं. माणसं पुन्हा मागं सरली आणि वाट बघू लागली. दगड पाण्यात बसले. आणखी बसले. कुणीतरी खाकरलं.

"अंघूळ करून घेत्यात बाई," फुलाबाई म्हणाली, आणि लोक हसले.

एवढ्यात घमेल्याच्या कडेचा एक खडा चर्रर्र करून फुटला. त्यातून वाफ आली, चमचाभर चुना पाण्यात उतरला. तो खरा होता, पाटीतल्या चारांपैकी एक. सर्जेरावानं मांडीवर थाप मारली. "फुटला! बगा फुटला का न्हाय!"

साहेबाचा चेहरा उजळला. "म्हणजे दगड चुन्याचाच आहे. एक भाजला, बाकीचे कच्चे राहिलेत. ह्या बाजूला आग कमी पडलीय."

"सारकी आग हुती!" सारजा म्हणाली. "सिद्धूदादाला इचारा. मोजून घातलंय."

सगळ्यांनी सिद्धूकडं पाहिलं. सिद्धूनं मालकाकडं पाहिलं. मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत तो म्हणाला, "म्या... माजा डोळा लागला हुता. मला ठावं न्हाय."

"झालं तर!" सर्जेराव गरजला. "राखनदार झोपला आन् हिनं आपल्या अंगाला लाकूड सारलं. सायेब, लिवा. भट्टी उठवा हिची. गावाच्या साळंत दगा करती म्हंजे काय!"

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! साहेबानं वही उघडली. सोपान सारजाच्या दंडाला धरून मागं ओढायला लागला. "चल गं. चल म्हनतो ना." तिनं त्याचा हात हिसडून टाकला. तीन दिवसांच्या धुरानं तिचा आवाज घोगरा निघाला, पण निघाला तो सगळ्या गायरानाला ऐकू गेला.

"लिवा सायेब! पर लिवायच्या आदी बगा. आगीचं भांडान ऱ्हाऊ द्या. आगीत न घातलेला ढीग ह्यो पडलाय. ह्येला तर म्या झोपवला न्हाय ना?"

ती पांढऱ्या ढिगापाशी बसली. एकेक दगड उचलून कोयता ओढायची आणि टाकायची. कोयता घसरला, काळी रेघ उठली, की डावीकडं. पापुद्रा निघाला, मोत्यासारखी झाक दिसली, की समोर. कोयत्यानं सहज खाच पडली, पांढरं पीठ निघालं, की उजवीकडं. तिचे हात चाळणीवर चालायचे तसे चालत होते. डावीकडचा ढीग वाढत गेला. समोर एक बेताचा ढीग झाला. उजवीकडं ओंजळभर दगड जमले. मग तिनं फुलाबाईच्या पाटीतून एक लिंबू मागून घेतलं, कोयत्यानं कापलं आणि तिन्ही ढिगांवर पिळलं. उजवीकडचं पीठ फसफसलं. बाकीच्या दोन्हींवर लिंबू नुसतं ओघळून गेलं. आपल्या मातकट गोट्याच्या खाचेत पिळलं, तिथं तर फेस उठला.

"तुमी तेजाब टाकलं त्यो ह्यो दगड," उजवीकडची ओंजळ उचलून ती साहेबाला म्हणाली. "खरा हाय. त्येचा चुना म्या बी करून दीन. पर ह्यो वंजळभर हाय. बाकीचं काय, त्ये तुमी सांगा."

साहेब वाकून बघत होता. त्याच्या तोंडावर आता पहिल्यासारखा मोठेपणा नव्हता. पण भोवती शंभर माणसं होती आणि सर्जेराव कानाशी होता. "लिंबू-बिंबू ही काही परीक्षा नव्हे," तो म्हणाला. "कोयता बोथट असेल. हे सगळं चुनखडीचंच, फक्त जरा निराळ्या जातीचं."

"बोथट?" सारजानं कोयता खाली ठेवला. "मंग कोयता ऱ्हाऊ द्या. सायेब, तुमच्या बुकात काय लिवलंय? चुनखडीनं काचंवर वरखाडा जातो का?"

"नाही," साहेब म्हणाला. बुकातलं होतं ते, ते तो खोटं कसं सांगणार! "चुनखडी मऊ. काचेला काही होत नाही."

सारजानं डावा हात पुढं केला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. आपला मातकट गोटा तिनं बांगडीवर दाबून ओढला. गोट्याची भुकटी झाली. ती झटकली तर बांगडी जशीच्या तशी. मग डाव्या ढिगातला एक टोकदार दगड घेतला आणि दुसऱ्या बांगडीवर ओढला. कर्रर्र आवाज आला, ऐकणाऱ्यांचे दात शिवशिवले. बांगडीवर पांढरी रेघ उमटली, आणि तिथंच ती चटकन तुटून खाली पडली. नवऱ्यादेखत बांगडी फुटलेली बघून दोन म्हाताऱ्या चुकचुकल्या. सारजानं तिकडं लक्ष दिलं नाही.

"बांगडी हलकी असेल," साहेब म्हणाला. पण तो सारजाकडं न बघता म्हणाला.

"आसंल. गरिबाची हाय." ती उठली आणि तो दगड घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुमची भारी हाय. घड्याळाची काच फुडं करा."

"काय?"

"तुमीच म्हनता ही चुनखडी. तुमीच म्हनता चुनखडीनं काचंला काय व्हत न्हाय. मंग करा हात फुडं. ह्यो दगड त्येच्यावर वडते. काय झालं न्हाय तर म्या खोटी. आत्ताच्या आत्ता भट्टी मोडते, आन् तात्याच्या नावाची फरशी म्या डोक्यावर वाहून आनते."

कालव्याचं पाणी वाहतं तेवढा आवाज. साहेबाचा हात घड्याळासकट अर्धा पुढं आला होता, वही धरायला आला होता तसाच. सारजानं दगडाचं टोक काचेकडं नेलं. चार बोटं अंतर राहिलं. तीन राहिलं.

साहेबानं हात मागं घेतला.

घेतला तो घेतला, वर शर्टाची बाही खाली ओढून घड्याळ झाकलं.

पहिल्यांदा फुलाबाई हसली. मग मागची पोरं, मग फावडी टेकून उभी असलेली माणसं, मग सगळं गायरान. सिद्धूसुद्धा हसला आणि मालकानं बघितल्यावर खोकला. सोपान हसला नाही. तो खाली वाकून फुटलेल्या बांगडीचे तुकडे गोळा करत होता.

"सायबाला बी ठावं हाय की वो, गार कंची आन् चुनखडी कंची!" फुलाबाई म्हणाली.

सावळाराम गवंडी पुढं आला. त्यानं कमरेची थापी काढून हातात घेतली. इतकं बोलायला त्याला आठ दिवस लागले होते. "सायेब, ह्या दगडाचा चुना म्हनून म्या भितीत काय घालनार न्हाय. दुसरा गवंडी बगा. पर पाया भरायला दगड कमी पडतोय. तितं घाला ह्यो. पायाला बेस हाय, झिजायचा न्हाय."

साहेबानं वहीतलं पान उलटलं. बराच वेळ त्यानं लिहिलं. मग पेन्सिल थांबवून, समोरच्या मधल्या ढिगाकडं बोट करून तो हलक्या आवाजात सारजाला म्हणाला, "आणि हा पापुद्र्याचा? ह्याला काय म्हणता तुम्ही?"

"आमी नाव न्हाय ठिवलं त्येला," सारजा म्हणाली. "आमी त्यो भट्टीत घालत न्हाय, एवडंच."

सर्जेराव गाडीकडं निघाला होता. जाता जाता वळून म्हणाला, "गायरान सरकारचं हाय, इसरू नगंस."

"सरकारला बी भित बांधायला चुनाच लागतोय, तात्या! या कवाबी, उभं ऱ्हाऊन भाजून दीन."

माणसं घमेली घेऊन पुन्हा पायाकडं गेली. सारजा खोपटाशी आली. महिपती दारात काठी धरून उभा होता, मान त्या बाजूला वळवलेली.

"काय झालं गं? मानसं हसली कशापायी?"

"सायबानं हात मागं घेतला, मामा."

म्हाताऱ्यानं हात लांब करून तिचं मनगट चाचपलं. एक बांगडी कमी लागली तशी तिथंच बोटं थांबली.

"मंग समजलं त्येला," तो म्हणाला. "सोपाना, बैल जुप घानीला. कळी हवंत ठिवू नगा. पाया भरला का भित धरायची हाय."